मंद आचेवर एक कॅसेट

आमच्या वर्कशॉपमध्ये घड्याळ नाही असं नाही. आहे. त्यात पावणेपाच वाजलेत आणि गेली वीसेक वर्षं तेवढेच वाजलेत. सेल बदलावा असं कुणाला वाटलं नाही, कारण आम्ही कवळ्या घड्याळावर शिजवत नाही. कॅसेटवर शिजवतो.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधी काम सांगते. दातांच्या डॉक्टरीणबाई हिरड्यांचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात बसवतो आणि तोंडात घालून बघायला परत पाठवतो. माप जमलं की ते सगळं पितळी डबीत, प्लास्टरमध्ये गाडायचं. उकळत्या पाण्याने मेण धुऊन काढायचं आणि मेणाच्या जागी गुलाबी लगदा भरायचा. मग डबी शिकंज्यात आवळून पातेल्यातल्या पाण्यात शिजवायची. सगळी मेख इथे आहे. आधी मंद आच, बराच वेळ. मग मोठी आच, थोडा वेळ. मोठी आच लवकर केली की लगद्याच्या पोटात बुडबुडे धरतात, आणि अशी कवळी पहिल्याच आठवड्यात हातात येते.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे हे काम शिकला तो वेळ सिगारेटींवर मोजायचा. मंद आचेवर सात, मोठ्या आचेवर दोन. पद्धत अचूक होती, फक्त कारागीर टिकला नाही. दादाला धुराचा त्रास, म्हणून गुरूच्या शेवटच्या वर्षात त्याने शेजारी बसून नऊ सिगारेटींचं रूपांतर एका कॅसेटमध्ये केलं. पहिली बाजू पूर्ण मंद. दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी मंद. तिसऱ्या गाण्यात बँडमधले बाकीचे तिघे गप्प होतात आणि ड्रमवाला एकटाच सुटतो, तिथे आच मोठी करायची. कॅसेट संपली की गॅस बंद. त्या दिवसापासून आमच्याकडे एकही कवळी कच्ची राहिली नव्हती की बिघडली नव्हती.

कॅसेट हेवी मेटलची. कव्हरवर एक ऐरण आहे, ऐरणीवर कवटी आहे आणि मागे लांब केसांचे चार तरुण उभे आहेत. त्यांना कुणी बसा म्हटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसतं. दादाने ती सतराव्या वर्षी घेतली. आज तो सत्तावन्नचा आहे. वरचे केस गेले, मागचे त्याने सोडले नाहीत, ते रबराने बांधतो. लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेला की कॅसेटचा विषय काढायचा आणि मुलीकडचे दाराकडे बघायला लागायचे.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी कवळ्या घासते आणि चमकवते. पहिलं गाणं लागलं की पत्र्याच्या छपरावरून कुणीतरी खुर्च्या ढकलतंय असं मला वाटतं, आणि पुढच्या गाण्यांत त्या खुर्च्या परत वर नेतात. दादाचं म्हणणं, चांगली गोष्ट कधी जुनी होत नाही. माझं म्हणणं, चांगली गोष्ट एवढा आवाज करत नाही. हा वाद आमच्यात रोज व्हायचा आणि कुणी जिंकायचं नाही, कारण घासायच्या मशीनच्या घरघरीत दोघांनाही एकमेकांचं ऐकू यायचं नाही.

त्या कॅसेटमधली दादाची सगळ्यात लाडकी जागा मात्र आवाजाची नव्हती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटार चढत चढत जाते आणि एकदम सगळं थांबतं. एक श्वासभर काहीच नाही. मग चौघेही अंगावर येतात. दादा त्या जागेला संयम म्हणायचा. आवाज काय, कुणीही करतं, पण थांबायला छाती लागते, असं तो वर्कशॉपमध्ये येईल त्याला सांगायचा. प्लास्टर पुरवणाऱ्याने हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्या जागी तो आपणहून मान हलवायचा.

माझा नवरा विजेचे मीटर वाचतो. घरोघर जाऊन आकडे लिहून आणणं हे त्याचं काम आणि स्वभावही. आमचं लग्न झालं तेव्हापासून तो दादाला सांगत होता की एकदा मिनिटं मोजून भिंतीवर लिहून ठेवा. दादा म्हणायचा, कशाला, कॅसेट आहे ना. आणि कॅसेट खरंच होती.

आता आई. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होती. लांबच्या कॉलला तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं हे तिचं काम. समोर घड्याळ असायचं, पण ती बघायची नाही. तीन मिनिटं तिच्या डोक्यात आपोआप भरायची. आम्ही लहान असताना तीन मिनिटांपेक्षा लांब रडलो की म्हणायची, वेळ संपली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची मैत्रीण बसायची. दोघींच्या मधल्या खणात भाजलेले शेंगदाणे असायचे आणि दोन कॉलच्या मध्ये दोघी हसायच्या. एवढ्या मोठ्यांदा हसायच्या की साहेबांनी एकदा लेखी ताकीद दिली होती. ते पत्र आईने अजून जपून ठेवलंय. मैत्रीण बावीस वर्षांपूर्वी मुलीकडे परदेशात गेली ती गेलीच.

आई राहते वर्कशॉपच्या भिंतीपलीकडच्या खोलीत, दादाबरोबर. मी आणि नवरा वरच्या मजल्यावर. आईला ती कॅसेट आवडत नाही ही आमच्या घरातली जुनी आणि पक्की गोष्ट. कॅसेट घरात येऊन दोन महिने झाले नव्हते तेव्हाच त्यावरून दोघांचं असं भांडण झालं होतं की दादा घर सोडून गेला होता. मी तेव्हा तेरा वर्षांची. कशावरून काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. अकराव्या दिवशी तो परत आला, जेवला, आणि कॅसेट लावली. आई काही बोलली नाही. त्यानंतरही कधी बोलली नाही. मी धरून चालले की तिने हात टेकले.

काही महिन्यांपूर्वी आईची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. एकोणीस वर्षांची कवळी होती, दादानेच केलेली, तिचा दोष नव्हता. त्या दिवसापासून आईने तोंडावर रुमाल धरला आणि बोलणं बंद केलं. जेवण म्हणजे सूप आणि दुधात बुडवलेला पाव. आमच्याशी बोलायचं झालं तर निरोपाच्या वहीत लिहायची, आणि भिंतीवर टकटक करायची. एक टकटक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कुणीतरी या. तीन म्हणजे बाहेर कोण आलंय. ऐंशीच्या घरातली बाई, पण दात नसलेलं तोंड तिने पोटच्या पोरांनाही दाखवलं नाही. आणि पोरं कवळ्या करणारी. रोज पाच-सहा उघडी तोंडं प्लास्टरमध्ये आमच्या टेबलावर असतात.

डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. त्या आल्या, माप झालं, मेणातले दात तोंडात घालून झाले. सगळं सावकाश चाललं होतं. मग एका सोमवारी मैत्रिणीचा फोन आला. ती येत होती. रविवारी, दोन विमानांच्या मध्ये, चार तास. वयाकडे बघता पुन्हा येणं होईल असं वाटत नाही, असं तिने सरळच सांगितलं.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिने वहीत लिहिलं, तिला सांग मी गावी गेले. मी म्हटलं, आई, आपल्याला गाव नाही. तिने खाली लिहिलं, दात असतील तर भेटेन. नसतील तर नाही. तिने त्या ओळीखाली रेघ मारली. एक्स्चेंजमध्ये रेघ मारली की विषय संपायचा.

दादा म्हणाला, रविवार कशाला, गुरुवारी देतो.

मंगळवारी टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली.

दुसऱ्याच कुणाची तरी कवळी पातेल्यात होती आणि शेवटचं गाणं संपत आलं होतं, म्हणून ती वाचली. आधी आवाज जड झाला, मग चौघे एकदम म्हातारे झाले, मग करकर झाली. दादाने झाकण उघडलं तर आत फितीचा गुंता. तो सोडवताना फीत सात ठिकाणी तुटली. वर मशीनमधून जळका वास यायला लागला. मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात आता चष्मे मिळतात. चष्मेवाल्याला विचारलं, आधीचे कुठे गेले, तर त्याने बोट वर केलं. मी पहिल्या मजल्यावर चौकशी करून आले. मग समजलं.

दादाने फितीचे तुकडे प्लास्टरच्या रिकाम्या बरणीत भरले आणि झाकण लावलं. त्या दिवशी तो जेवला, पण काय जेवला हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बुधवारी नवरा मोबाइल आणि एक छोटा स्पीकर घेऊन खाली आला. म्हणाला, तुमची कॅसेट इथे आहे, अख्खी. दादाचा विश्वास बसेना. नवऱ्याने दाखवलं. तीच ऐरण, तीच कवटी, तेच चार उभे. वरती लिहिलं होतं, चाळिसाव्या वर्षानिमित्त नवी आवृत्ती, आवाज स्वच्छ केलेला. खाली जगभरच्या लोकांनी लिहिलेलं होतं, हजारोंनी. नवऱ्याने चाळून चाळून वाचून दाखवलं. एकजण ही गाणी लावून गायींचं दूध काढत होता आणि गायींची तक्रार नव्हती. एका बाईने लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून ती घर झाडताना हेच लावते. एक सोळा वर्षांचा मुलगा म्हणत होता, माझ्या बापाच्या जन्माआधीचं आहे, पण माझंच आहे. दादा स्टुलावर बसून ऐकत होता. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की ती कॅसेट जगात त्याच्याशिवाय फार तर दोघातिघांकडे असेल. तो म्हणाला, एवढे आहेत? नवरा म्हणाला, हे फक्त लिहिणारे. दादाने चष्मा काढून पुसला.

गुरुवारी आईची डबी पातेल्यात ठेवली आणि मोबाइल सुरू केला.

पहिल्या गाण्यालाच दादाच्या कपाळावर आठी आली. गाणाऱ्याचा आवाज बारीक वाटत होता, त्याची जुनी सर्दी बरी झाल्यासारखा. दादा म्हणाला, यांना कुठेतरी जायचंय. मला फरक कळला नाही. खुर्च्या त्याच होत्या, जरा चपळाईने ढकलत होते इतकंच. दुसरं गाणं लागलं. गिटार चढली. दादाने सवयीने हात वर केला, त्या जागेसाठी. जागा आलीच नाही. तिथे गिटारचा एक झटका होता आणि गाणाऱ्याची एक आरोळी. दादाचा हात वरच राहिला. तो म्हणाला, हे जास्तीचं घातलंय. नवऱ्याने मोबाइलमध्ये शोधून बघितलं आणि म्हणाला, नाही दादा, हे पहिल्यापासून आहे. लोक या आरोळीबद्दल पानंच्या पानं लिहितात.

दादाने हात खाली घेतला. चाळीस वर्षं ज्या संयमाची शपथ घेतली तो त्या चौघांनी केलाच नव्हता. ड्रम सुटल्यावर त्याने आच मोठी केली, शेवटी गॅस बंद केला, पण हात यंत्रासारखे चालले होते. थंड झाल्यावर डबी उघडली. हिरडीच्या जाड भागात, गुलाबी रंगाच्या आत, खसखशीएवढे बुडबुडे. मी ती टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली तर मोडली.

नवऱ्याने विचारलं, जुनी कॅसेट किती मिनिटांची व्हायची. आम्ही दोघांनी पावणेपाच वाजलेल्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यानेच डोकं चालवलं. टेपरेकॉर्डरचा पट्टा वर्षानुवर्षं ढिला होत गेला असणार, त्यामुळे गाणी दरवर्षी थोडी थोडी हळू झाली असणार, आणि दादा आच त्याप्रमाणे नकळत जुळवत गेला असणार. म्हणजे खरी गाणी आपल्यापेक्षा वेगात आहेत, ड्रम लवकर येतो आणि आच लवकर मोठी होते. हे त्याने एवढ्या समाधानाने सांगितलं की मला त्याचा राग आला. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, मग आता काय? तो म्हणाला, मोबाइलवर गाणं हळू करता येतं. किती हळू, तेवढं सांगा.

शुक्रवारी दादाने आईचे दात नव्याने मेणात बसवले. आईचा जबडा लहान. त्या मापाच्या दातांचा एकच संच उरला होता. पुढचा मंगळवारी येणार होता. म्हणजे आता चूक चालणार नव्हती. संध्याकाळी नवरा गाणं कमी-जास्त हळू करून ऐकवत राहिला आणि दादा कान लावून बसला. आधी म्हणाला हे, मग म्हणाला हे नाही, मग म्हणाला ते आधीचं परत लाव. तासाभराने त्याने डोकं धरलं. म्हणाला, नवं ऐकलं आणि जुनं गेलं. आता काहीच आठवत नाही. दादाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली, आईसाठी आणि त्याच्यासाठीही.

तेवढ्यात भिंतीवर दोन टकटक झाल्या. मी गेले. आईने रुमाल धरलेला, वही पुढे केली. लिहिलं होतं: काल कॅसेट लवकर संपली. ढोल पाचेक मिनिटं आधी आला.

मी ती वही दादाला नेऊन दाखवली. नवऱ्याने लगेच विचारलं, नक्की पाच का. मी वही घेऊन परत भिंतीपलीकडे. आईने लिहिलं, सगळं म्हणून बघितल्याशिवाय कसं कळणार. आणि त्याखाली: उद्या दुपारी मी येते. ते मोबाइलचं बंद ठेवा.

शनिवारी दुपारी आई वर्कशॉपमध्ये आली. मला आठवतंय तेव्हापासून कॅसेटच्या वेळेला ती कधी आत आली नव्हती. तिने टेबलावरचे प्लास्टरचे जबडे बघितले, पातेलं बघितलं, घड्याळ बघून चुकचुकली. नवरा हातावरचं घड्याळ काढून वही-पेन घेऊन उभा राहिला. दादाने डबी पाण्यात सोडली आणि आच बारीक केली. आई स्टुलावर बसली. रुमाल तोंडावरून काढला, घडी घातली आणि बाहीत खोचला. महिन्यात पहिल्यांदा आम्ही तिचं तोंड बघितलं. गाल आत गेले होते. ती खूप म्हातारी दिसत होती, आणि ते तिला माहीत होतं. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

ती गात नव्हती. शब्द परक्या भाषेतले, ती भाषा तिला येत नाही. पण हिरड्यांवर जिभेने, घशातून, नाकातून ती ते सगळं म्हणत होती. गिटार वेगळी, जाड गिटार वेगळी. गाणारा आला की मान जरा वर. पहिलं गाणं संपलं. तिने मधली जागा सोडली, नेमकी तेवढीच. दुसरं सुरू झालं. दात नसल्याने आवाज मऊ आणि ओला येत होता, आणि मी शपथेवर सांगते, त्या गाण्यात सूर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गिटार चढत गेली. आई चढत गेली. आणि थांबली.

एक श्वासभर काही नाही. पातेल्यात पाणी हलत होतं तेवढंच. मग तिने मांडीवर हात आपटला आणि चौघे एकदम आले.

दादाने पातेल्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून पुढे गेली होती.

पहिली बाजू संपल्यावर ती गप्प बसली. नवरा म्हणाला, आई, पुढे? तिने डोळे न उघडता बोट वर केलं. दादा कुजबुजला, कॅसेट उलटायला वेळ लागतो. मग आईने जिभेने टक् केलं आणि दुसरी बाजू लावली. तिसऱ्या गाण्यात ती थांबली आणि दोन्ही तळव्यांनी मांड्यांवर ड्रम सुरू केला. दादाने आच मोठी केली. ती शेवटपर्यंत गेली. शेवटचा आवाज विरत जातो, तोसुद्धा तिने विरवला. दादाने गॅस बंद केला. नवऱ्याने आकडा लिहिला.

आईने बाहीतून रुमाल काढला, पण तोंडावर धरला नाही, हातातच ठेवला.

दादा म्हणाला, "आई, दुसऱ्या गाण्यात तू थांबलीस."

"तिथे थांबतात."

"नाही थांबत. मी खरं ऐकलं परवा. तिथे आरोळी आहे. थांबतच नाहीत."

आईने थोडा विचार केला. "मग ते माझं काम असेल," ती म्हणाली. "मी ती कॅसेट ओल्या कचऱ्यात टाकली होती. तू बाहेर काढून धुतलीस, वाळवलीस आणि निघून गेलास. तेव्हा तेवढी जागा पुसली गेली असेल. त्याआधीचं आता तुलाही आठवत नाही, मलाही."

मग दादाने विचारलं, "आणि तुला सगळं येतं हे कधी सांगितलं नाहीस. तुला आवडतं?"

"आवडायचा काय संबंध. पाठ आहे."

"पण कधी पाठ केलंस?"

"तू गेलास तेव्हा. अकरा दिवस घरात काही वाजत नव्हतं. मी बोर्डावर बसून हेच म्हणत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. आधी अर्धं यायचं, मग सगळं यायला लागलं. शेजारची म्हणाली, हे काय गं म्हणतेस सारखं. मी म्हटलं, माझा मुलगा आहे." आईने रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तू परत आलास आणि कॅसेट लावलीस. त्यात मध्येच ती गप्प जागा आली. मला वाटलं, आता ही पुढे जातच नाही, आता हा परत जाणार. मग लागलं पुढे. रोज त्या जागेला मला तसंच व्हायचं. अजून होतं. पण ते वाजतंय म्हणजे तू घरात आहेस, एवढं कळायचं. म्हणून पुन्हा कधी बंद कर म्हटलं नाही."

दादा उठला आणि लगद्याची धुतलेली वाटी परत धुवायला लागला. बराच वेळ धूत होता. मला रडू आलं. कवळ्या घासताना डोळ्यात पूड जाते तसं सांगता आलं असतं, पण मशीन बंद होतं. मी सरळ रडले. नवरा वहीकडे बघत म्हणाला, एकोणपन्नास मिनिटं वीस सेकंद, आणि मग त्यालाही कळलं की ही वेळ नव्हे.

डबी पुरती थंड होईपर्यंत संध्याकाळ झाली. दादाने ती उघडली, प्लास्टर टोकरलं, कवळी उजेडाकडे धरली. मलाही दाखवली. एकही बुडबुडा नव्हता. मी ती त्या दिवशी जशी घासली तशी कुणाचीच घासली नाही.

रविवारी मैत्रीण आली. काठी टेकत आली, हातात कागदाची पुडी. आई दारात उभी होती, रुमालाशिवाय. मैत्रीण म्हणाली, आपलं कसं झालंय बघ, चणे आहेत तर दात नाहीत. तिने स्वतःची कवळी दाखवली, ती सैल होती. आईने पुडी उघडली, एक शेंगदाणा उचलला आणि तिच्या समोर कडकन फोडला. मग दोघी हसल्या. भिंतीपलीकडून आम्ही ऐकलं. लेखी ताकीद रास्त होती.

चार तास संपत आल्यावर दादाने भिंतीपलीकडे कॅसेट, म्हणजे मोबाइल, हळूच लावला. नवऱ्याने तो एकोणपन्नास वीसवर बसवला होता. मैत्रिणीने हसणं थांबवून कान दिला. मग आईला म्हणाली, "अगं, हा तुझा मुलगा."

"हो," आई म्हणाली. "आहे घरात."

आता आकडा भिंतीवर लिहिलेला आहे, नवऱ्याच्या अक्षरात, घड्याळाच्या खाली. दादा त्याच्याकडे बघत नाही. मोबाइलवर दुसरं गाणं मध्यावर आलं की तो हातातलं काम ठेवतो, अंगठ्याने आवाज बंद करतो, आरोळी जाऊ देतो आणि मग पुन्हा सुरू करतो. कधी त्याचा अंगठा जरा जास्त रेंगाळतो. मग भिंतीवर दोन टकटक होतात.